समुद्रतळाची तार आणि बोरघाट : एका इतिहासलेखनाची चिकित्सा

१

आरंभीच्या समुद्रतारांचा इतिहास बहुधा विजयकथेच्या स्वरूपात सांगितला जातो. १८५० मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडीत पहिली तार टाकली गेली. १८५८ मध्ये अटलांटिक महासागर प्रथम ओलांडला गेला आणि १८६६ मध्ये तो कायमचा जिंकला गेला. १८७० मध्ये मुंबई लंडनला जोडली गेली आणि जगातील अंतर नष्ट झाले. या कथेत नायक म्हणजे अभियंते, भांडवलदार व नाविक आणि प्रतिनायक म्हणजे समुद्र. मराठीतील पाठ्यपुस्तकांतून व विज्ञानविषयक लेखांतून या विषयाची जी ओळख होते तीही सामान्यतः याच वळणाची असते.

या कथेतील तपशील खोटे नाहीत. प्रश्न आहे तो तिच्या चौकटीचा. समुद्र ओलांडला म्हणजे अंतर संपले, हे गृहीत धरल्यामुळे तारेच्या दोन्ही टोकांना असलेली जमीन आणि त्या जमिनीवरील माणसे इतिहासाच्या बाहेर राहतात. प्रस्तुत निबंधात या विषयावरील काही प्रमुख ग्रंथांची चिकित्सा त्याच अंगाने करावयाची आहे. चिकित्सेसाठी एक स्थानिक कसोटी योजिली आहे. ती म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके, आणि त्यांतही कडाव हे गाव. ही निवड वरकरणी विक्षिप्त वाटेल. कडावला समुद्र नाही, बंदर नाही, तारेच्या इतिहासात त्याचे नावही नाही. परंतु ज्या इतिहासात जग जवळ आल्याचा दावा केला जातो, त्याची परीक्षा मुंबईपासून अवघ्या काही कोसांवरील अशा ठिकाणी घेणेच योग्य होय.

२

प्रथम समुद्रातील घटनांचा क्रम थोडक्यात ध्यानात घेतला पाहिजे. पाण्याखालून विद्युत्संदेश पाठविण्याचा एक आरंभीचा प्रयोग भारतातच झाला. १८३९ च्या सुमारास कलकत्त्यात डॉ. विल्यम ओ'शॉनेसी यांनी हुगळी नदीच्या पात्रातून तार नेऊन संदेश पाठविला. अडचण होती ती तारेवरील आवरणाची. पाण्यात टिकेल आणि वीज बाहेर झिरपू देणार नाही असे आवरण तेव्हा उपलब्ध नव्हते. १८४३ च्या सुमारास सिंगापूरहून डॉ. मंटगमरी यांनी गटापर्चा या झाडाच्या चिकाकडे लंडनमधील जाणत्यांचे लक्ष वेधले आणि ती अडचण दूर झाली. हा चीक गरम असता मऊ पडतो, थंड झाला की घट्ट होतो, आणि समुद्रतळाच्या थंड पाण्यात दीर्घकाळ टिकतो.

१८५० ची खाडीतील पहिली तार जवळजवळ लगेच तुटली. १८५१ मध्ये लोखंडी तारांचे चिलखत चढविलेली दुसरी तार मात्र टिकली. या यशाने धीर आलेल्या भांडवलाने १८५७-५८ मध्ये अटलांटिकवर झेप घेतली. ऑगस्ट १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा संदेश अमेरिकेस गेला. शंभराच्या आतबाहेर शब्दांच्या त्या संदेशास सुमारे सोळा तास लागले. काही आठवड्यांतच ती तार मुकी झाली. आधीच सदोष असलेल्या तारेत वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी अतिरिक्त दाबाचा विद्युत्प्रवाह सोडला, हे तिच्या नाशाचे एक कारण मानले जाते.

हिंदुस्थानाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे अपयश तांबड्या समुद्रातील होय. १८५७ च्या उठावाची वार्ता लंडनला पोहोचण्यास सुमारे चाळीस दिवस लागले, आणि त्या अनुभवानंतर ब्रिटिश सरकारला पूर्वेकडील तारेची निकड भासू लागली. १८५९-६० मध्ये सुएझपासून एडनमार्गे कराचीपर्यंत तार टाकण्यात आली. ती वजनाने हलकी होती व तिचे चिलखत अपुरे होते. समुद्रतळाच्या उंचसखल भागांवरून ती ताणून टाकली गेली होती. उष्ण पाण्यात तिचे लोखंड गंजले व तिच्यावर शंखशिंपल्यांचे थर चढले. परिणामी ती तुकड्यातुकड्याने निकामी झाली. संपूर्ण लांबीवरून कामास येणारा संदेश तिने कधीच वाहिला नाही. मात्र सरकारने या कंपनीच्या आठ लक्ष पौंडांच्या भांडवलावर साडेचार टक्के व्याजाची हमी दिलेली होती, आणि ती तारेच्या यशापयशावर अवलंबून नव्हती. मेलेल्या तारेसाठी सालीना छत्तीस हजार पौंड पुढील अनेक दशके भरावे लागले.

या दोन अपयशांनंतर नेमलेल्या चौकशी समितीने १८६१ मध्ये आपला वृत्तांत सादर केला. तोपर्यंत जगात टाकल्या गेलेल्या सुमारे अकरा हजार मैल समुद्रतारांपैकी जेमतेम तीन हजार मैल तारा चालू आहेत, असे त्या वृत्तांतावरून दिसते. विद्युत्रोधाचे मापन, तारेची गिरणीतील तपासणी, ती सोडण्याचा वेग, या सर्व बाबींना शास्त्रशुद्ध रूप आले ते या पराभवातून. विल्यम टॉमसन यांच्या आरशाच्या गॅल्व्हानोमीटरचे महत्त्वही याच संदर्भात समजते. मोठा प्रवाह सोडण्याऐवजी क्षीण प्रवाह ओळखण्याची युक्ती त्यात होती.

३

आता ग्रंथांकडे वळू. समकालीन ग्रंथांपैकी तीन विशेष लक्षणीय आहेत. विल्यम हॉवर्ड रसेल यांचा 'दि अटलांटिक टेलिग्राफ', जे. सी. पार्किन्सन यांचा १८७० मध्ये प्रसिद्ध झालेला 'दि ओशन टेलिग्राफ टु इंडिया', आणि फ्रेडरिक गोल्डस्मिड यांचा १८७४ मधील 'टेलिग्राफ अँड ट्रॅव्हल', हे ते तीन ग्रंथ होत.

रसेल हे क्रिमियाच्या युद्धाच्या वार्तांनी गाजलेले 'टाइम्स'चे वार्ताहर. त्यांचा ग्रंथ 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाच्या १८६५ च्या मोहिमेविषयी आहे. रॉबर्ट डडली यांच्या चित्रांनी तो सजलेला आहे. ती मोहीम फसली. सुमारे बाराशे मैल तार सोडल्यावर २ ऑगस्ट १८६५ रोजी ती तुटून समुद्रात बुडाली, आणि तीच तार १८६६ मध्ये वर काढून पुरी करण्यात आली. गंमत अशी की, रसेल यांच्या ग्रंथाचे मोल या अपयशातच आहे. यशाची कथा सांगणाऱ्याला यंत्राच्या आत पाहण्याची गरज पडत नाही. अपयशाची कथा सांगणाऱ्याला मात्र दोष कोठे निर्माण झाला, तो कोणी ओळखला, तार मागे ओढताना काय तुटले, हे सारे सांगावेच लागते.

पार्किन्सन यांचा ग्रंथ मुंबईच्या अभ्यासकास सर्वांत जवळचा. जॉन पेंडर यांच्या पुढाकाराने १८६९ मध्ये ब्रिटिश-इंडियन सबमरीन टेलिग्राफ कंपनी स्थापन झाली. तिची तार घेऊन कप्तान हॅल्पिन यांच्या हाताखाली 'ग्रेट ईस्टर्न' जानेवारी १८७० मध्ये मुंबईस पोहोचले. उष्ण कटिबंधातील तापामुळे पोटातील गटापर्चा मऊ पडू नये म्हणून या प्रचंड लोखंडी जहाजास पांढरा रंग दिलेला होता. फेब्रुवारीत मुंबईहून एडनकडे तार सोडण्याचे काम सुरू झाले आणि सुमारे अठराशे सागरी मैलांचा हा टप्पा त्याच महिन्यात पुरा झाला. पुढे एडन-सुएझ हा भाग जोडला गेला, आणि जूनमध्ये माल्टा व जिब्राल्टरमार्गे येणारी तार इंग्लंडच्या पोर्थकर्नो येथील किनाऱ्यावर उतरताच मुंबई-लंडन साखळी पूर्ण झाली.

पार्किन्सन यांनी आपल्या ग्रंथास 'कथन आणि दैनंदिनी' असे उपशीर्षक दिले आहे. त्या दोन शब्दांतच ग्रंथाचे गुण व मर्यादा दोन्ही आहेत. दैनंदिनीमुळे कामाची लय कळते. परंतु जहाजावरील दैनंदिनीचा दिवस हा जहाज किती मैल चालले यावर मोजला जातो. तिच्या दृष्टीने मुंबई ही केवळ आरंभरेषा. तार किनाऱ्यावर आल्यावर पुढे काय होते, संदेश कोणाच्या हाती पडतो, तो देशात कसा जातो, हे या साहित्यप्रकारात बसतच नाही. हा दोष लेखकाचा कमी आणि त्याने स्वीकारलेल्या उभे राहण्याच्या जागेचा अधिक आहे. पण पुढील इतिहासकारांनी हीच जागा नकळत स्वीकारली, म्हणून त्याची नोंद आवश्यक ठरते.

गोल्डस्मिड यांची गोष्ट वेगळी. इराणच्या आखातातील तारेचे सूत्रधार कर्नल पॅट्रिक स्ट्युअर्ट १८६५ च्या आरंभी निवर्तले आणि त्यांच्यामागून गोल्डस्मिड त्या खात्याचे प्रमुख झाले. मकरानच्या किनाऱ्यावरील सरदारांशी व इराणच्या दरबाराशी झालेल्या वाटाघाटींत त्यांचा हात होता. जमिनीवरची तार म्हणजे केवळ खांब व धातू नव्हे, तर करार, तनखे, पहारे आणि मर्जी, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. तरीही त्यांच्या ग्रंथाच्या लांबलचक उपशीर्षकात तारमार्गातील देशांची माहिती 'आनुषंगिक' म्हटली आहे. हा शब्द विचार करण्यासारखा आहे. ज्या देशांवाचून तार उभीच राहू शकत नव्हती, ते देश तारेच्या ग्रंथात आनुषंगिक ठरतात. त्यांच्या काळच्या राज्यकर्त्या वर्गाची दृष्टी या एका विशेषणात सापडते.

४

येथे १८६४-६५ च्या घटनांकडे पुन्हा पाहणे उपयुक्त ठरेल, कारण प्रचलित कथेविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा तेथेच आहे. तांबड्या समुद्रातील अपयशानंतर सरकारने ग्वादरपासून फावपर्यंत इराणच्या आखातातून तार टाकली. ती शिडाच्या जहाजांतून आधी मुंबईस आली आणि तेथून आगबोटींनी ओढून आखातात नेली. त्यांपैकी 'ट्वीड' हे जहाज मूळचे मुंबईच्याच गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेले होते. 'पंजाब' या नावाने ते हिंदी आरमारात होते आणि विकले गेल्यावर नव्या नावाने ते तार घेऊन आपल्या जन्मस्थानी परतले. मुंबईच्या कारागिरीचा या इतिहासातील हा वाटा क्वचितच उल्लेखिला जातो.

ही आखातातील तार उत्तम चालली. फाव येथून पुढे मात्र संदेश तुर्की राज्याच्या जमिनीवरील तारांनी युरोपात जात असे आणि सारी दुर्दशा तेथे होती. वाटेत अनेक ठिकाणी संदेश नव्याने लिहून घेऊन पुढे पाठवावा लागे. इंग्रजी न जाणणाऱ्या तारमास्तरांच्या हातून शब्दांची मोडतोड होई. पोहोचण्यास कित्येक दिवस लागत, आणि कधी कधी संदेशाचा अर्थच लागत नसे. मुंबईच्या व लंडनच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८६६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला हिंदुस्थानाशी असलेल्या तार व टपाल दळणवळणाच्या चौकशीसाठी खास समिती नेमावी लागली. म्हणजे ज्या काळात समुद्र जिंकला गेल्याची द्वाही फिरत होती, त्याच काळात हिंदुस्थानाची तार अडत होती ती जमिनीवर.

१८७० च्या समुद्रमार्गाचे समर्थनही नेमके याच मुद्यावर झाले. परक्यांची जमीन टाळणे हा त्याचा मुख्य गुण सांगितला गेला. त्याच वर्षी सिमेन्स बंधूंनी बर्लिन, ओडेसा व तेहरान यांमार्गे जाणारा स्वतंत्र तारमार्ग सुरू केला आणि एकाच यंत्रणेखाली असलेली जमिनीवरील तारही विश्वासार्ह होऊ शकते हे दाखवून दिले. दोष जमिनीचा नव्हता, व्यवस्थेचा होता. शिवाय तथाकथित अखंड समुद्रमार्गातही इजिप्तमधील सुएझ ते अलेक्झांड्रिया हा तुकडा जमिनीवरचाच होता.

५

या संदर्भात मुंबईच्या पुढील मार्गाचा विचार केला असता एक दुर्लक्षित गोष्ट पुढे येते. १८७० मध्ये तार मुंबईस आली, पण तिचे गंतव्य केवळ मुंबई नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस मद्रासहून पेनांग व सिंगापूरकडे दुसरी समुद्रतार टाकली गेली. १८७१ मध्ये ती हाँगकाँगला व पुढे जावामार्गे डार्विनला पोहोचली आणि १८७२ मध्ये ऑस्ट्रेलियातील शहरे जोडली गेली. लंडनहून सिंगापूरला किंवा ऑस्ट्रेलियाला निघालेला संदेश मुंबईस समुद्रातून बाहेर येई आणि मद्रासला पुन्हा समुद्रात शिरे. या दोन समुद्रांमधला दुवा म्हणजे ओ'शॉनेसी यांच्या देखरेखीखाली १८५४-५५ च्या सुमारास उभारला गेलेला मुंबई-मद्रास हा जमिनीवरील तारमार्ग. तो पुण्यावरून जात असे, आणि मुंबईहून पुण्यास जावयाचे तर बोरघाट चढणे प्राप्त होते.

म्हणजेच जगाच्या पूर्वार्धातील समुद्रतारांच्या साखळीतील एक कडी खालापूरच्या डोंगरात होती. बोरघाटातील एखादा खांब आषाढाच्या पावसात कोसळला, तर त्याची झळ सिंगापूरच्या पेढीला बसणे शक्य होते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर चार महिने कोसळणारा पाऊस, दमट हवेत खांबांवरील चिनीमातीच्या रोधकांवरून झिरपणारी वीज, वादळात पडणारी झाडे, ही सारी जमिनीवरील तारेची संकटे समुद्रतळाच्या संकटांहून कमी शास्त्रीय नव्हती. परंतु त्यांवर 'कथन आणि दैनंदिनी' कोणी लिहिली नाही. रोजची दुरुस्ती ही साहसाच्या सदरात मोडत नाही.

कर्जत-खालापूरच्या परिसराची जडणघडण या काळात अशाच ओळींनी झाली. १८५६ मध्ये लोहमार्ग कर्जतवरून खोपोलीपर्यंत आला. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातील लोहमार्गाचे प्रचंड काम चालले, आणि ऐन भरात त्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी, ताप व अपघात यांनी त्यांपैकी हजारोंचा बळी घेतला. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून त्यांचा उद्रेकही झाला. इयान केर यांच्यासारख्या अभ्यासकांनी लोहमार्गाच्या इतिहासात या मजुरांना स्थान मिळवून दिले आहे. तारेच्या इतिहासात मात्र खांब रोवणाऱ्याला व घाटात तार ओढणाऱ्याला अद्याप तसा इतिहासकार लाभलेला नाही.

कडावचे स्थान या दृष्टीने बोलके आहे. ते कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवर, उल्हास नदीच्या खोऱ्यातील भातशेतीच्या प्रदेशात आहे. येथील दिगंबर सिद्धिविनायकाचे देवस्थान प्रसिद्ध आहे. पुण्याचा जुना हमरस्ता खालापूरकडून गेला, लोहमार्ग कर्जतवरून गेला, आणि कडाव या दोन्ही ओळींच्या बाजूला राहिले. त्या गावाच्या मानाने लंडन जवळ आले काय? आखातातून जाणाऱ्या पहिल्या मार्गाने लंडनला वीस शब्दांची तार पाठविण्यास पाच पौंड, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे पन्नास रुपये पडत. शेतमजुराची ती कित्येक महिन्यांची कमाई होती. अंतर नष्ट झाले ते कापसाच्या पेढ्यांसाठी, सचिवालयांसाठी आणि १८६६ मध्ये मुंबईत कचेरी थाटणाऱ्या रॉयटरसारख्या वृत्तसंस्थेसाठी. इतरांसाठी अंतर होते तसेच राहिले. इतकेच नव्हे, तर ज्याच्याजवळ बातमी आधी येते आणि ज्याच्याजवळ ती उशिरा येते, अशा दोन माणसांमधले एक नवे अंतर निर्माण झाले.

६

तारेच्या दुसऱ्या टोकालाही एक जमीन होती. ती म्हणजे मलाया, सुमात्रा व बोर्निओ येथील जंगले. गटापर्चासाठी झाड उभे ठेवून चीक काढण्याची रीत तेथे नव्हती. झाड तोडून, त्याच्या सालीला खाचा पाडून चीक गोळा करीत. एका मोठ्या झाडापासून सरासरी पाच-सहा छटाकच चीक मिळे. एकेका महासागरी तारेला शेकडो टन गटापर्चा लागत असल्याने किती झाडे पडली असतील याची कल्पना करता येते. सिंगापूर बेटावरील ही झाडे तर समुद्रतारांचे युग नीट सुरू होण्यापूर्वीच जवळजवळ संपली. जॉन टली यांनी २००९ मधील आपल्या निबंधात ही बाजू प्रथम विस्ताराने मांडली, आणि त्यांचे हे कार्य मोलाचे आहे.

कर्जत-खालापूरच्या वाचकास येथे कातकऱ्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. खैराचे लाकूड उकळून कात काढणारी ही जमात याच डोंगरांतली. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर तिचा हा पारंपरिक व्यवसाय आकुंचित होत गेला. मात्र ही तुलना बेताने केली पाहिजे. बोर्निओच्या जंगलात बाजाराने तोड वाढविली, तर सह्याद्रीच्या जंगलात सरकारने वनवासींचा हात अडविला. साम्य आहे ते एवढेच की, दोन्ही ठिकाणी जंगलाचा विनियोग कसा व्हावा हे जंगलात राहणाऱ्यांनी ठरविले नाही.

७

अर्वाचीन इतिहासकारांनी विजयकथेची चौकट कितपत मोडली, हे आता पाहू. कृष्णलाल श्रीधराणी यांचा १९५३ मधील भारतीय तारखात्याचा इतिहास हा शताब्दीचा ग्रंथ आहे. खात्याने स्वतःच्या उत्सवासाठी लिहवून घेतलेल्या ग्रंथाकडून खात्याच्या कठोर परीक्षेची अपेक्षा करता येत नाही. डॅनियल हेडरिक यांचा 'दि इन्व्हिजिबल वेपन' हा १९९१ मधील ग्रंथ अधिक गंभीर आहे. तार हे सत्तेचे शस्त्र होते, हे त्यांनी राजकीय दस्तऐवजांच्या आधारे सप्रमाण दाखविले. विजयकथेतील भाबडेपणा त्यांच्यापाशी नाही. तथापि शस्त्र कोणाच्या हाती होते याची चर्चा जितकी विस्तृत, तितकी ते कोणावर रोखलेले होते याची नाही. राजधान्यांच्या दप्तरांतून पाहिलेला इतिहास राजधान्यांचाच राहतो. टॉम स्टँडेज यांनी १९९८ मध्ये तारेला 'व्हिक्टोरियन इंटरनेट' म्हटले. ही उपमा लोकप्रिय झाली, पण ती इतिहासाला उपकारक नाही. सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असलेल्या साधनाला सर्वांच्या वापरातील साधनाचे नाव दिले की, ते कोणाच्या आवाक्यात नव्हते हा प्रश्नच विचारला जात नाही.

दीपकांत लाहिरी चौधरी यांच्या 'टेलिग्राफिक इम्पीरियलिझम' या २०१० मधील ग्रंथाने भारतीय बाजू खऱ्या अर्थाने पुढे आणली. तारेने राज्यकर्त्यांना निर्धास्त केले नाही, उलट अर्धवट वार्तांनी त्यांच्या भीतीला पंख दिले, हे त्यांचे प्रतिपादन पटण्याजोगे आहे. १९०८ च्या तारमास्तरांच्या संपाचे त्यांनी केलेले विवेचनही महत्त्वाचे आहे. निकोल स्टारोसिएल्स्की यांनी २०१५ मध्ये समुद्रतार जेथे किनाऱ्याला लागते त्या ठिकाणांकडे लक्ष वेधले. या दोन्ही ग्रंथांनी विषय समुद्रातून वर काढला. पण एक तारघरापर्यंत व दुसरा किनाऱ्यापर्यंत येऊन थांबतो. घाटापर्यंत पोहोचणे अद्याप बाकी आहे.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, ही चिकित्सा म्हणजे स्थानिक अभिमानाचे शास्त्रीय रूप होय. ज्या गावाचा तारेशी संबंध नव्हता त्याच्यावरून तारेचा इतिहास तपासणे न्याय्य कसे? या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. समुद्रतारांतील शास्त्रीय प्रगती, म्हणजे विद्युत्मापनाची एकके, केबलनिर्मितीचे तंत्र, टॉमसन यांचे सिद्धान्त, हा इतिहास कडावच्या संदर्भात लिहिता येणार नाही, आणि तसा आग्रहही नाही. परंतु जेव्हा इतिहासकार तंत्राचा इतिहास सोडून परिणामाचा इतिहास सांगू लागतो, जग जवळ आले, देश जोडला गेला असे म्हणतो, तेव्हा त्याने जोडलेल्यांबरोबर वगळलेल्यांचीही मोजणी केली पाहिजे. उलट दिशेची अतिशयोक्तीही टाळावी लागेल. १८६५ मध्ये मुंबईचा कापसाचा बाजार कोसळला तो अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यामुळे. त्याच वर्षी तार सुरू झाली एवढ्यावरून तिला कारण ठरविणे म्हणजे पूर्वापर आणि कार्यकारण यांची गल्लत होय.

८

तारमार्गाखालील जमिनीचा विचार करणारा एक पुरावा मात्र ग्रंथांच्या बाहेर, याच प्रदेशात सापडतो. टाटांची खोपोली येथील वीज १९१५ पासून व भिवपुरी येथील वीज १९२२ पासून मुंबईकडे वाहू लागली. पुन्हा एकदा याच खोऱ्यावरून नव्या तारा गेल्या, आणि त्याही गावांसाठी नव्हत्या, तर मुंबईच्या गिरण्यांसाठी. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे भाई कोतवाल व त्यांच्या आझाद दस्त्याने या वीजवाहक तारांचे मनोरे पाडून मुंबईचा पुरवठा खंडित करण्याचा मार्ग अवलंबिला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले.

हे मनोरे विजेचे होते, तारायंत्राचे नव्हते, आणि दोन्हींची सरमिसळ करणे चुकीचे ठरेल. पण या कृतीमागील जाण निबंधाच्या विषयाशी थेट निगडित आहे. दूरच्या दोन टोकांना जोडणारी ओळ मधल्या जमिनीवर अवलंबून असते. जी माणसे या ओळीच्या लाभांत कधीच नव्हती, त्यांना तिचे मर्मस्थान नेमके ठाऊक होते. गोल्डस्मिड यांनी ज्याला आनुषंगिक म्हटले, ते येथे निर्णायक ठरले. १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात बंडवाल्यांनी तारा तोडल्या, त्यामागेही हीच जाण होती.

९

या चिकित्सेतून संशोधनासाठी काही निश्चित दिशा मिळतात. पहिली दिशा मुंबई-मद्रास तारमार्गाच्या बोरघाटातील भागाची. तारखात्याच्या वार्षिक वृत्तांतांतून बिघाडांच्या व दुरुस्तीच्या नोंदी काढून समुद्रातील खंडांशी त्यांची तुलना झाली पाहिजे. दुसरी दिशा कर्जत-खालापूरच्या महसुली दप्तरांची. खांबांसाठी घेतलेली जमीन, तोडलेली झाडे, राखणीचे ओझे यांचा मागोवा तेथे घ्यावा लागेल. येथे अभ्यासकाने एक गोष्ट विसरू नये. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्यानंतर तो कुलाब्यात आला, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. त्यामुळे आरंभीची माहिती कुलाब्याच्या नव्हे, तर ठाण्याच्या गॅझेटियरमध्ये शोधावी लागते. तिसरी दिशा मराठी भाषेची. 'तार आली' हे दोन शब्द मराठी घरात दीर्घकाळ धास्तीचे होते. तार म्हणजे बहुधा मृत्यूची किंवा आजारपणाची वार्ता, हा संकेत कसा रुजला, याचा अभ्यास कादंबऱ्या, आत्मचरित्रे व वृत्तपत्रे यांच्या आधारे करता येईल. ज्यांना एरवी तार परवडत नव्हती, त्यांच्याकडे ती केवळ संकटातच येणार, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. अंतर नष्ट झाल्याच्या दाव्याला लोकभाषेने दिलेले उत्तर म्हणून ते तपासण्याजोगे आहे.

१९४७ मध्ये परदेशी दळणवळणाची यंत्रणा भारत सरकारच्या ताब्यात आली आणि जुलै २०१३ मध्ये देशातील तारसेवा बंद झाली. समुद्रतारांचे युग मात्र संपलेले नाही. आज मुंबईच्या वेसावे येथील किनाऱ्यावर काचतंतूंच्या केबली उतरतात आणि देशाच्या परदेशी दळणवळणाचा फार मोठा भाग त्यांतून वाहतो. त्या केबलींचा इतिहासही उद्या लिहिला जाईल. तो लिहिताना जहाजाच्या फळीवरून किनाऱ्याकडे पाहावयाचे की घाटातून समुद्राकडे, याचा निर्णय इतिहासकाराने आधीच केला पाहिजे. आरंभीच्या समुद्रतारांच्या इतिहासात पहिली दृष्टी पुरेशी वापरली गेली आहे. दुसरीचा वापर कर्जत-खालापूरसारख्या प्रदेशातील अभ्यासकांनी केल्यास हा इतिहास अधिक पूर्ण आणि अधिक न्याय्य होईल.